पंचमीचा विळा

हुतात्मा हंबीरराव इतिहास पारितोषिक मला मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते. ते कराडच्या एका पोराला मिळालं. त्यानं सातारच्या गादीवर निबंध लिहिला होता. अक्षर सुंदर, आणि निबंध कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला काय मिळालं ते आता ऐका.

माझं नाव दगडाबाई बिराप्पा बंडगर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं माझं नाव दगडा ठेवलं. मरण उचलायला आलं तर त्याला जड गेलं पाहिजे, हा तिचा हिशोब. १९७४ साली मी सांगलीच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इतिहास. हजेरीला माझं नाव आलं की मागची पोरं बाक वाजवायची. एकाच्या कानाखाली काढली, त्या दिवसापासून बाक गप्प झाले.

पारितोषिक म्हणजे पितळी ढाल, आणि पुढं कोल्हापूरला एम. ए. करायला शिष्यवृत्ती. सातारा-सांगलीतल्या बी. ए.च्या पोरापोरींनी आपल्या भागाच्या इतिहासावर निबंध लिहायचा. त्यातले तीन निवडायचे, आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की त्या तिघांनी आमच्या गावच्या पारावर, हंबीररावांच्या स्मारकापुढं, सगळ्या गावासमोर आपापला निबंध माइकवर वाचायचा. आमचं गाव कुंडलपासून जवळच. ही वाचायची पद्धत नाथाजीआबांनी घातलेली. नाथाजी हा हंबीररावांचा धाकटा भाऊ. थोरला पोलिसांच्या गोळीनं गेला, मळा आणि मान धाकट्याकडं आला, आणि धाकट्यानं भावाच्या नावानं बक्षीस ठेवलं.

शिष्यवृत्ती मला हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मला तो पार हवा होता. तो माइक हवा होता. कारण त्याच पारावर माझ्या बापाचे पाय फोडले होते.

ती गोष्ट त्रेचाळीस सालची. हंबीरराव भूमिगत होते, ओढ्याकाठच्या उसात लपले होते. नागपंचमीच्या दिवशी पोलिसांनी ऊस वेढला आणि त्यांना गोळ्या घातल्या. कुणीतरी खबर दिली हे उघड होतं. दोन दिवसांनी नाथाजी बाभळीचा सोटा घेऊन पारावर आला आणि म्हणाला, खबर बिराप्पा धनगरानं दिली. पंचमीच्या सकाळी तो उसाच्या बांधावर विळ्यानं वैरण कापत होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं थोरल्याला उसात बघितलं आणि तसाच चौकीला पळाला.

चळवळीतलं कुणी तिथं नव्हतं. कुणी साक्ष काढली नाही, कुणी उलट विचारलं नाही. माझ्या बापाला पालथं पाडलं, गावच्या माणसांनी त्याचे पाय वर धरले, आणि नाथाजीनं तळव्यांवर सोटा चालवला. आधी कातडं फाटलं. मग टाचा फुटल्या. मग घोटे. बाप शुद्धीवर नव्हता तरी सोटा चालूच होता, असं आई सांगायची. धनगराचे पाय हो! मेंढरांमागं मैलोन् मैल जायचे पाय! त्या दिवसापासून माझा बाप गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधून सरपटतो. मेंढरं विकली. अंगणात बसून लोकर कातून त्यानं आम्हाला जगवलं.

आणि दर पंधरा ऑगस्टला तीच कथा माइकवरनं सांगायची. "बांधावर वैरण कापणाऱ्या एका फितुराने" असं म्हणायचे. नाव घेत नसत. कशाला घेतील? अख्खं गाव मान वळवून आमच्या घराकडं बघायचं. शाळेत पोरांनी मला खबऱ्याची पोर म्हणून दगड मारले. मीही मारले. माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला होता, एकाच्या भुवईवर अजून खूण आहे. पण बाप कधीच काही बोलायचा नाही. मग माझ्याही मनात यायचं, आपल्या बापानं खरंच दिली असेल का खबर?

त्या वर्षी नागपंचमीला मी हॉस्टेलवर होते. माझ्या खोलीतली राजमती सांगलीच्या पेठेतली, बापाचं हळदीचं दुकान. ती विळीवर दोडका चिरायला बसली. मी बाहेरनं आले, बघितलं, आणि काय होतंय हे कळायच्या आत तिच्या हातावर फाडकन मारलं. विळी उलटली. तिचं बोट कापलं, फरशीवर रक्त.

"भवाने, आज पंचमी हाय!" मी ओरडले. "आज इळी धरतात व्हय?"

ती बिचारी रडायला लागली. मी तिच्या बोटाला चिंधी बांधायला बसले, आणि माझे हातच थांबले.

आमच्याकडं पंचमीला विळी, विळा, कोयता, नांगर, कशालाच हात लावत नाहीत. चुकून नाग कापला जाईल म्हणून. भाजी चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, पुरणाची दिंडं उकडतात आणि खातात. माझी आई तर नाग पुजणाऱ्या शिराळ्याकडची. ती आदल्या दिवशीच विळा पोत्यात बांधून माळ्यावर टाकायची. जनावरांची वैरण आदल्या दिवशी कापून ठेवायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग माझा बाप पंचमीच्या सकाळी बांधावर कुठल्या विळ्यानं कुठली वैरण कापत होता?

इतकी वर्षं दर पंधरा ऑगस्टला ही कथा ऐकली. पंचमी हा शब्द ऐकला, वैरण हा शब्द ऐकला, आणि माझं टाळकं चाललं नाही! राजमती म्हणाली, "दगडा, अगं, माझं बोट." मी तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले. तिला वाटलं, मला बोटाचंच वाईट वाटतंय.

पुढच्या एसटीनं गावी गेले. बाप अंगणात लोकर कातायची चाती फिरवत बसला होता.

"आप्पा, पंचमीला तुमी वैरन कापत हुता?"

"पंचमीला कोन इळा धरतंय, येडे?" चाती फिरतच होती.

"मग त्या दिशी सांगितलं का न्हाई?"

आता चाती थांबली. "सांगितलं की. मारत हुते तवा वरडून सांगितलं. दर फटक्याला सांगितलं, पंचमी हुती रं, पंचमी हुती. समद्या गावानं ऐकलं. त्यास्नी काय म्हाईत न्हवतं व्हय?"

"मग?"

"मग काय? आबानं सोटा टाकला न्हाई, आन पाय धरल्यालं हुते त्येंनी पाय सोडलं न्हाईत." एवढं बोलून त्यानं परत लोकर हातात घेतली.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की अंगणातली घागर उचलून मी भिंतीवर आपटली. बाप म्हणाला, "घागर कशाला फोडतीस? पानी भरायला परत तूच जानार हाईस."

निबंध लिहिला. त्यात सगळं घातलं. मगदूम सरांना दाखवला. श्रेणिक मगदूम आमचे इतिहासाचे प्राध्यापक, सांगलीचे, पारितोषिकाचे निबंध निवडणारेही तेच, मोठा विद्वान माणूस, आणि तेवढाच भित्रा. वाचताना त्यांचे डोळे चमकले. "दगडाबाई, याला म्हणतात पुरावा," म्हणाले. नंतर चष्मा पुसत बसले. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे निवडलेले तिन्ही निबंध त्यांनी देणगीदारांच्या, म्हणजे नाथाजीच्या, घरी बघायला पाठवून दिले. माझासुद्धा! अहो, चोराच्याच घरी चोरीची फिर्याद! एवढी अक्कल शिकलेल्या माणसालाच असते.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात मी गावीच होते. भर दुपारी बुलेट येऊन दारात थांबली. नाथाजीचा मुलगा लालासाहेब, आणि मागच्या जीपमधून त्याचे दोन गडी. आई ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती.

"कुठाय ती हिस्टरीवाली?" म्हणाला.

मी दारातच होते. "हिथं हाय. काय काम हाय?"

त्यानं काही बोलायच्या आधीच कानशिलात ठेवून दिली. मी पडले. गड्यांनी मला धरलं, उजवा हात उंबऱ्यावर दाबून ठेवला. लालासाहेबानं पाट्यावरचा वरवंटा उचलला. अगदी सावकाश उचलला, वजन बघितलं. बाप अंगणातनं सरपटत आला आणि त्याच्या पोटरीला कडकडून चावला. लालासाहेबानं बुटाची लाथ त्याच्या तोंडावर घातली. बाप उताणा पडला, तोंडातनं रक्त आणि दात. मग वरवंटा माझ्या बोटांवर आला. एकदा, आणि परत. हाड मोडल्याचा आवाज कानानं ऐकू येत नाही, तो दातात वाजतो. मी अशी किंचाळले की शेजारच्या परड्यातल्या कोंबड्या उडाल्या. शेजारी मात्र कुणी बाहेर आलं नाही.

"आता लिव्ह," लालासाहेब म्हणाला.

मी त्याच्या तोंडावर थुंकले. "मुडदा बशिवला तुजा! हात मोडलास, भाड्या, जीभ हाय अजून!"

तो हसला. गालावरची थुंकी पुसली आणि बुलेटला किक मारली.

कुंडलच्या डॉक्टरनं हात प्लास्टरमध्ये घातला. मगदूम सर बघायला आले ते रडतच. चूक माझी, मीच पाठवला, असं परत परत म्हणायला लागले. माझ्यानं त्यांच्यावर रागावणंही होईना. शेवटी म्हणाले, "ते पान मी काढून टाकतो. आणि तुम्ही वाचायला येऊ नका."

"पान काढा. मी येणार."

"पण ते वाचणार नाही ना?"

"सर, पानच नाही तर वाचू कसं?"

त्यांना तेवढंच हवं होतं. ते नाथाजीकडं गेले आणि शब्द देऊन आले की मुलीनं पान काढलंय. नाथाजी खूश झाला म्हणे. बिराप्पाची पोरगी प्लास्टर घालून आमच्या थोरल्याची आरती ओवाळणार, आणखी काय हवं, असं चारचौघांत बोलला.

पंधरा ऑगस्ट उजाडला. झेंडा झाला, पेढे झाले. पारावर खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत नाथाजी, फेटा, पांढरी मिशी. शेजारी हंबीररावांच्या विधवा चंद्राबाई, मांडीवर पितळी ढाल धरून. दरवर्षी ढाल त्यांच्याच हातनं द्यायची आणि त्यांनी एक शब्दही बोलायचा नाही, असा शिरस्ता होता. पारासमोर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. आणि सगळ्यांच्या मागं, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून, माझा बाप. त्या सोट्यानंतर तो पाराकडं पहिल्यांदाच आला होता. तोंड अजून सुजलेलं.

कराडच्या पोराचं झालं, दुसऱ्याचं झालं, मग मला बोलावलं. मी डाव्या हातात कागद धरून वाचायला लागले. गावातला जंगल सत्याग्रह, प्रभातफेऱ्या, हंबीररावांचं धाडस. ते खरंच धाडसी होते, त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. मग त्या दिवसाशी आले. कागद खाली ठेवला.

"नागपंचमीच्या सकाळी," मी म्हणाले, "बांधावर वैरण कापणाऱ्या एका फितुरानं. असं आपण दरवर्षी ऐकतो. आयांनो, मावश्यांनो, एक सांगा. पंचमीला तुमच्यापैकी कुणी कधी इळा धरलाय?"

बायांतली एक म्हातारी बोळक्या तोंडानं म्हणाली, "शिव शिव, पंचमीला कोन धरंल गं?"

"कुनाच्या घरच्या गड्यानं धरलाय?"

बायांनी नकाराच्या माना हलवल्या.

"मग माझ्या बापानंच तेवढा धरला व्हय? का बघणाऱ्यानंच खोटं बघितलं? आन खोटं बघायची त्याला गरज का पडली?"

लालासाहेब तीन उड्यांत पारावर चढला. त्यानं माइक खेचला, माझ्या प्लास्टरच्या हातावर बुक्की घातली. डोळ्यांपुढं काळं आलं. मी दुसऱ्या हातानं त्याचा कान धरला आणि ओढला, असा ओढला की तो गुडघ्यावर आला. खुर्च्या पडल्या. पुरुषांतनं कुणी म्हणालं, सोड, कुणी म्हणालं, मार. मगदूम सर मध्ये पडायला आले आणि त्यांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली फुटला.

तेवढ्यात चंद्राबाई उभ्या राहिल्या.

"नाथाजी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्यांचा आवाजच गावानं कधी ऐकला नव्हता. "त्या दिशी दिंडं मी तुज्याजवळ दिली हुती. उसातली जागा मला आन तुला, दोघांस्नीच ठावी. तू दिंडं घिऊन गेलास. त्येंच्यापातूर दिंडं पोचली न्हाईत, पोलीस पोचलं."

"वैनी, खाली बसा," नाथाजी म्हणाला.

"कवापास्नं बसलेच हाय. तुज्या दारात भाकरी खात बसले. मलाबी ठावं हुतं, पंचमीला कोन वैरन कापत न्हाई." आणि त्या बाईनं दोन्ही हातांनी ढाल वर उचलली आणि त्याच्या कपाळावर हाणली. फेटा पडला. परत हाणली. कडेनं हाणली. नाथाजीची भुवई फाटून डोळ्यात रक्त आलं, तो पारावरनं खाली गडगडला. चंद्राबाई वरनं ओरडत होत्या, "माझा मालक खाल्लास! माझा मालक खाल्लास!"

मग गाव उठलं. काय सांगू, एवढ्या वर्षांचं गप्प बसणं एकदम उठलं. लालासाहेबाला पोरांनी लाथांनी तुडवला, तो रांगत जीपखाली शिरला. नाथाजीला म्हाताऱ्यांनी धरलं. पालथा पाडला. चपला ओढून फेकल्या, पाय वर धरले. कुणीतरी बैलगाडीच्या जुवातलं लाकडी शिवळ उपसून आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी घेतलं. खरं सांगते, मला मारायचं होतं. ते पांढरे, मऊ तळवे मला फोडायचे होते, टाच, मग घोटा. मी शिवळ उचललंसुद्धा.

"थांब," कुणी तरी म्हणालं. "बिराप्पाला येऊ द्या. पयला हक्क त्येचा."

लोक बाजूला झाले. बाप गुडघ्यांवर सरपटत आला. टायरच्या तुकड्यांचा खरखर आवाज तेवढा ऐकू येत होता. तो नाथाजीच्या पायांपाशी येऊन थांबला. मी शिवळ त्याच्यापुढं केलं. त्यानं घेतलं नाही. नाथाजीकडं त्यानं बघितलंही नाही. तो पाय धरणाऱ्या हातांकडं बघत होता.

"गुंडा," तो म्हणाला.

गुंडा म्हणजे गावचा जुना पैलवान. आता केस पिकलेले. नाथाजीचा उजवा पाय त्याच्याच हातात होता.

"गुंडा, तवाबी तू उजवाच धरला हुतास."

गुंडाची मान खाली गेली. त्याच्या हातातला पाय सुटून धप्पकन मातीत पडला.

"आन डावा," बाप म्हणाला, "जोतिबा, तुजा हात वळखतो मी. अंगठ्याचं नख तवाबी असंच काळं हुतं."

जोतिबानंही सोडला. मग पाठीवर बसलेला उठला. शिवळ आणणारा मागं सरला. एकेक म्हातारा मागं सरकायला लागला, कुणी टोपी सावरली, कुणी घराची वाट धरली. नाथाजी तसाच पालथा, अनवाणी, रक्तानं भरलेलं तोंड मातीत घालून पडला होता. त्याला ना कुणी मारत होतं, ना कुणी उचलत होतं.

"कुठं चाललाय?" माझा बाप ओरडला. जन्मात मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. सुजलेल्या तोंडातनं शब्द अर्धे बाहेर येत होते, पण सगळ्यांना कळले. "बसा खाली! पोरीचं वाचून व्हायचं हाय."

आणि गाव बसलं. गुंडा बसला, जोतिबा बसला, गिरणीवाला बसला, आमच्या शेजारचे, ज्यांनी त्या दुपारी दार उघडलं नव्हतं, तेही बसले. चंद्राबाई पारावर रक्ताळलेली ढाल मांडीवर घेऊन बसल्या. मगदूम सरांनी पडलेला माइक उचलून माझ्यापुढं धरला.

शिवळ मी खाली टाकलं. काढून टाकलेल्या पानावरचं शेवटचं वाक्य मला पाठ होतं. ते मी गुंडाकडं बघत म्हटलं.

"बिराप्पा बंडगर दर फटक्याला ओरडून सांगत होता, पंचमी होती, पंचमी होती, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं होतं."